हंगाम कोण घडवतो? ब्रिटनमधील सुट्टीघरांच्या आरक्षणाचे अर्थशास्त्र

हंगामी चढउतार हा विषय आपल्याकडील अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा शेतीच्या प्रकरणात येतो. खरिपाची आवक, सणासुदीची मागणी, पावसाळ्यातील ग्रामीण बेरोजगारी ही उदाहरणे विद्यार्थ्यांना पाठ असतात. त्यामुळे हंगाम म्हणजे निसर्गाने घालून दिलेली चौकट अशी समजूत दृढ होते. सेवाक्षेत्रातील हंगामाचा अभ्यास केल्यास ही समजूत तपासून घ्यावी लागते. त्यासाठी प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील एका विशिष्ट बाजाराचे उदाहरण घेतले आहे. पर्यटकांना दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या हिशेबाने भाड्याने दिली जाणारी, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करून राहण्याची घरे हा तो बाजार होय. सोयीसाठी या घरांना आपण ‘सुट्टीघरे’ म्हणू.

या बाजाराची निवड करण्याचे कारण असे की, त्यात विकली जाणारी वस्तू पूर्णतः नाशवंत आहे. गहू कोठारात ठेवता येतो, कांदा काही महिने चाळीत टिकतो; परंतु नोव्हेंबरमध्ये रिकामी गेलेली रात्र ऑगस्टमध्ये विकता येत नाही. साठा करून पुरवठा पुढे ढकलण्याचा मार्ग बंद असल्यामुळे मागणीतील चढउताराचा सगळा भार किमतीवर, रिकाम्या घरांवर आणि त्या घरांच्या आसपास राहणाऱ्या माणसांवर पडतो.

बाजाराचे स्वरूप

कॉर्नवॉल व डेव्हनचा सागरकिनारा, वायव्य इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट, नॉरफोकची किनारपट्टी, वेल्समधील पेम्ब्रोकशायर व ग्विनेथ, स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग ही या व्यवसायाची प्रमुख क्षेत्रे आहेत. पूर्वी मध्यस्थ संस्था दरवर्षी छापील पुस्तिका काढून घरांची जाहिरात करीत. आता हे काम प्रामुख्याने संकेतस्थळांवरून होते आणि २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एअरबीएनबीने या व्यवसायात हौशी मालकांचा मोठा वर्ग आणला. तथापि, जुन्या पद्धतीची एक खूण टिकून आहे. भर उन्हाळ्यात अनेक घरे शनिवार ते शनिवार अशी पूर्ण आठवड्यासाठीच दिली जातात. हंगाम ओसरला की तेच घर शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार अशा तुकड्यांत मिळू लागते. मालक किमान मुक्कामाची अट केव्हा शिथिल करतो, यावरूनही मागणीचा जोर ओळखता येतो. भाव पाहण्याची गरज पडत नाही.

नोंदणीची दिनदर्शिका आणि मुक्कामाची दिनदर्शिका

या विषयावरील आकडेवारी वाचताना सर्वाधिक गोंधळ ज्या ठिकाणी होतो ते आधी स्पष्ट केले पाहिजे. आरक्षण होण्याचा महिना आणि प्रत्यक्ष मुक्कामाचा महिना यांच्या दोन स्वतंत्र दिनदर्शिका आहेत. मुक्कामाचे शिखर ऑगस्टमध्ये असते. नोंदणीचे एक मोठे शिखर मात्र जानेवारीत येते. नाताळचा सण संपलेला, दिवस लहान, आकाश करडे, आणि नव्या वर्षाच्या रजांचे नियोजन सुरू झालेले, अशा वेळी कुटुंबे उन्हाळ्याचा विचार करू लागतात. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींचा भडिमारही याच काळात होतो. जानेवारीचा पहिला शनिवार त्या व्यवसायात ‘सूर्यप्रकाशाचा शनिवार’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो.

नोंदणी व मुक्काम यांमधील अंतर सर्व ग्राहकांसाठी सारखे नसते. शाळकरी मुलांचे पालक बरेच महिने आधी नोंदणी करतात, कारण त्यांना ठरावीक आठवडाच हवा असतो. मुले नसलेली जोडपी व निवृत्त मंडळी हवामानाचा अंदाज पाहून आयत्या वेळी निघू शकतात. म्हणून एप्रिलअखेर ऑगस्टची नोंदणी गतवर्षापेक्षा कमी दिसली, तर मागणी घटली असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ग्राहक केवळ उशिरा नोंदणी करू लागले असण्याचीही शक्यता असते. उत्पन्नाबाबत अनिश्चितता वाढली की कुटुंबे निर्णय पुढे ढकलतात, हे त्यामागील साधे कारण होय.

हा फरक करआकारणीतही उतरतो. एडिंबरा शहराने मुक्कामाच्या खर्चावर ५ टक्के पर्यटक-कर ठरविला. तो २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना लागू करताना, १ ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर केलेल्या नोंदणीपुरताच मर्यादित ठेवला. आधीच पैसे भरलेल्या ग्राहकाकडून नंतर वसुली करण्याची अडचण टाळण्यासाठी दोन्ही दिनदर्शिका नियमात आणाव्या लागल्या.

आकडेवारीबाबत आणखी एक बाब अशी की, ईस्टरचा सण फिरता असतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला आला, तर २०२५ मध्ये २० एप्रिलला. परिणामी मार्च २०२५ ची मार्च २०२४ शी केलेली तुलना मूलतः सदोष ठरते. मार्च व एप्रिल एकत्र घेऊनच वाढ काढावी लागते. ऑक्टोबर व नोव्हेंबर यांमध्ये फिरणाऱ्या दिवाळीमुळे आपल्या औद्योगिक उत्पादन निर्देशांकाच्या वाचनात हीच अडचण येते. गंमत अशी की, ईस्टरची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी निश्चित करणारा कायदा ब्रिटिश संसदेने १९२८ मध्येच संमत केला आहे. तो अमलात मात्र कधीच आला नाही.

हवामान की शाळा?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ऑगस्टचे शिखर हवामानामुळे येते काय? उत्तर युरोपात उन्हाळ्याचे आकर्षण असणारच. डिसेंबरमध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेस दुपारी साडेतीनच्या सुमारास अंधार पडतो. परंतु सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये असतो, आणि समुद्राचे पाणी ऑगस्टइतकेच सप्टेंबरमध्येही उबदार असते. केवळ हवामानावर मागणी ठरली असती, तर जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हे ऑगस्टच्या बरोबरीने महाग असायला हवे होते. प्रत्यक्षात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इंग्लंडमधील शाळा उघडताच, तेच घर, तोच किनारा आणि जवळपास तेच ऊन असताना भाव एकदम उतरतात. अर्थशास्त्रात ज्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. हवामान स्थिर राहते, शाळेची घंटा वाजते आणि किंमत बदलते.

इंग्लंडमधील शाळांना जुलैच्या उत्तरार्धापासून सुमारे सहा आठवड्यांची सुट्टी असते. याशिवाय नाताळ व ईस्टरला साधारण दोन-दोन आठवडे आणि ऑक्टोबर, फेब्रुवारी व मे महिन्यांत सत्राच्या मध्यावर एकेक आठवडा. सर्व मिळून वर्षातील ५२ पैकी सुमारे १३ आठवडे, म्हणजे ९१ दिवस. हा ९१ चा आकडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. पुढे कायद्यातील अटी समजून घेताना तो उपयोगी पडेल.

स्कॉटलंडमध्ये सुट्टी जूनच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यास संपते, त्यामुळे तेथील कुटुंबांची मागणी काही आठवडे आधी येते. इंग्लंडमध्येही लेस्टरशायरसारख्या भागात शाळा इतरांपेक्षा लवकर सुटतात. तेथील जुन्या कारखान्यांच्या सुट्टीचा तो वारसा मानला जातो. एडिंबराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील स्थानिक शाळा ऑगस्टच्या मध्यास उघडतात, तरीही राहण्याच्या जागांचे भाव ऑगस्टभर चढलेले असतात, कारण १९४७ मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय कला महोत्सव आणि त्याच वर्षी त्याच्या कडेने उभा राहिलेला ‘फ्रिंज’ महोत्सव याच महिन्यात भरतात. तेथील ऑगस्टचे शिखर माणसाने आखलेले आहे.

गिरण्यांचा काळ

ही व्यवस्था पूर्वीपासून अशीच होती असे नाही. लँकेशायरमधील कापडगिरण्यांच्या भरभराटीच्या काळात तेथील प्रत्येक गिरणी-गाव वर्षातील एका ठरावीक आठवड्यात बंद राहत असे. यंत्रे थांबत, बॉयलर साफ होत आणि सगळे गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटे. याला ‘वेक्स वीक’ म्हणत. महत्त्वाची बाब अशी की, बर्नलीचा आठवडा वेगळा, ओल्डहॅमचा वेगळा. ब्लॅकपूलमध्ये खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकिणींना त्यामुळे उन्हाळ्यातील आठवड्यांमागून आठवडे नव्या गावची गिऱ्हाइके मिळत. मागणीचे असे विकेंद्रीकरण कोणत्याही नियोजन मंडळाने केले नव्हते. ते स्थानिक रूढीतून घडले होते. सुट्टी मात्र बहुधा बिनपगारी असे आणि कामगार वर्षभर भिशीसारख्या मंडळात पैसे साठवून त्या आठवड्याची सोय करीत. पगारी सुट्टीला १९३८ च्या कायद्याने चालना दिली. पुढे गिरण्या गेल्या, शाळांच्या व परीक्षांच्या वेळापत्रकात एकसारखेपणा आला आणि गावोगावचे वेगळे आठवडे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. मुंबईतील गिरणगावाचा इतिहास वाचलेल्या विद्यार्थ्यास, गिरणीचा भोंगा केवळ कामाचे नव्हे तर विश्रांतीचेही वेळापत्रक ठरवीत असे, हे सांगण्याची गरज नाही.

हंगाम लांबविण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. ब्लॅकपूलची प्रसिद्ध दीपरोषणाई शरद ऋतूत ठेवण्यामागे उन्हाळा संपल्यावरही पाहुणे यावेत हाच हिशेब होता. २०२० पासून तिची मुदत जानेवारीच्या आरंभापर्यंत नेण्यात आली. शासनानेही १८७१ च्या कायद्याने ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ठेवलेली बँक-सुट्टी १९६५ पासून प्रयोग म्हणून महिन्याच्या अखेरीस हलविली आणि १९७१ च्या कायद्याने ती इंग्लंड व वेल्समध्ये शेवटच्या सोमवारी कायम केली. गर्दी विभागावी हा त्यामागील एक हेतू होता. स्कॉटलंडने पहिला सोमवारच ठेवला.

ताठर मागणी आणि दंडाची किंमत

शाळकरी मुलांच्या पालकांची मागणी काळाच्या दृष्टीने ताठर असते. किंमत वाढली तरी त्यांना आठवडा बदलता येत नाही. निवृत्त जोडप्याची मागणी मात्र लवचीक असते. मूल्यभेदाचा नियम आपल्याला माहीत आहे: ज्या गटाची मागणी कमी लवचीक, त्या गटाला जास्त किंमत. येथे तर विक्रेत्याला ग्राहकाची ओळख विचारावी लागत नाही. तारीखच ग्राहकाची ओळख सांगते.

पालकांना एक पळवाट होती. मुख्याध्यापकांना विशेष परिस्थितीत वर्षातून दहा दिवसांपर्यंत कौटुंबिक सहलीसाठी रजा देता येत असे. सप्टेंबर २०१३ पासून इंग्लंडमध्ये ही तरतूद काढून टाकण्यात आली व रजा केवळ अपवादात्मक परिस्थितीत देण्याचा नियम झाला. आयल ऑफ वाइट परिषद विरुद्ध प्लॅट या खटल्यात, मुलीला सत्र चालू असताना सहलीला नेणाऱ्या पालकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये निकाल दिला. ‘नियमित’ उपस्थिती म्हणजे शाळेच्या नियमांनुसार उपस्थिती, असा अर्थ न्यायालयाने लावला. एकूण हजेरी चांगली आहे, हा युक्तिवाद त्यामुळे संपला.

दंडाची रक्कम ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकास ८० पौंड आहे. २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड. दोन मुले असलेल्या दांपत्यास एका आठवड्याच्या गैरहजेरीचा खर्च ३२० पौंड येतो. आता समजा, एका घराचे ऑगस्टमधील आठवड्याचे भाडे १,४०० पौंड आणि जूनमधील ८०० पौंड आहे. फरक ६०० पौंडांचा. दंड भरूनही २८० पौंड वाचतात! दंड जेव्हा ज्ञात व मर्यादित असतो तेव्हा लोक त्याकडे शिक्षा म्हणून न पाहता किंमत म्हणून पाहू लागतात. उरी ग्नीझी व आल्डो रुस्टिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधील पाळणाघरांच्या अभ्यासात, मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांवर दंड बसविल्यानंतर उशीर कमी न होता वाढल्याचे दाखविले होते. इंग्लंडच्या नव्या नियमांत याची दखल घेतलेली दिसते. तीन वर्षांच्या आत दुसऱ्या वेळी थेट १६० पौंड आणि तिसऱ्या वेळी दंडाचा पर्यायच नाही. मग खटल्यासारखी कारवाई. पहिल्या सहलीचा हिशेब मात्र वर मांडला तसाच राहतो, आणि तो हिशेब करण्याची वेळ कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर अधिक येते, हे नमूद केले पाहिजे.

वेल्सच्या शासनाने उन्हाळी सुट्टी एका आठवड्याने कमी करून तो आठवडा ऑक्टोबरमध्ये द्यावा असा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला होता. शिक्षणतज्ज्ञांचा युक्तिवाद मुलांच्या अभ्यासातील खंडाचा होता. पर्यटन व्यवसायाने मात्र उत्पन्नाचा आठवडा जाईल म्हणून विरोध केला. मे २०२४ मध्ये हा बदल पुढे ढकलण्यात आला.

रिकाम्या आठवड्याचा हिशेब

नोव्हेंबरमध्ये इतक्या कमी भाड्यात घर देणे मालकाला परवडते कसे, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घराचा वार्षिक स्थिर खर्च, म्हणजे कर्जावरील व्याज, विमा, डागडुजी इत्यादी, १२,००० पौंड आहे. प्रत्येक नोंदणीमागे साफसफाई, चादरी धुणे, वीज व मध्यस्थाचे कमिशन मिळून २०० पौंड चल खर्च येतो. उन्हाळ्याचे ६ आठवडे १,४०० पौंडांनी, मधल्या हंगामाचे १२ आठवडे ८०० पौंडांनी आणि हिवाळ्याचे ५ आठवडे ४५० पौंडांनी जातात. एकूण २३ आठवडे.

सरासरी खर्च प्रति आठवडा सुमारे ७२२ पौंड येतो. हिवाळी भाडे त्याहून बरेच कमी आहे. तरीही प्रत्येक हिवाळी आठवडा चल खर्च वजा जाता २५० पौंड देऊन जातो. स्थिर खर्च घर बंद ठेवले तरी चुकत नाही, म्हणून अल्पकाळात निर्णय चल खर्चावरून घ्यावयाचा, हे तत्त्व येथे दिसते. उन्हाळ्याचे ६ आठवडे ७,२०० पौंड, मधले १२ आठवडे ७,२०० पौंड आणि हिवाळ्याचे ५ आठवडे १,२५० पौंड. एकूण १५,६५० पौंडांतून स्थिर खर्च वजा जाता ३,६५० पौंड उरतात. उन्हाळ्यातील तीन आठवडे जरी रिकामे गेले, तरी ही शिल्लक जवळजवळ संपते.

२०२० व २०२१ मध्ये हा धोका प्रत्यक्षात आला. करोना साथीमुळे २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि ईस्टरचा हंगाम पूर्ण बुडाला. इंग्लंडमध्ये सुट्टीघरे ४ जुलैला उघडली. पुढच्या वर्षी १२ एप्रिलला. परदेशी सहलींवरील बंदी मात्र १७ मे २०२१ पर्यंत राहिली व त्यानंतरही चाचण्या व विलगीकरणाचे निर्बंध होते. मूल्यवर्धित कर १५ जुलै २०२० पासून २० वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. परदेशी न जाऊ शकलेली मागणी देशांतर्गत किनाऱ्यांवर लोटली. त्यामुळे पुढील वर्षांची तुलना २०२१ शी केली की घसरण दिसते, २०२० शी केली की झेप दिसते. या आधार-परिणामाचा उल्लेख न करता वाढीचा दर सांगणाऱ्या अहवालाकडे सावधपणे पाहावे.

कायद्यातील दिवस

सुट्टीघर हा खरा व्यवसाय की श्रीमंतांचे दुसरे घर, हे ठरविण्यासाठी ब्रिटिश कायदा दिवस मोजतो. आयकरातील सुट्टीघरांच्या विशेष सवलतीसाठी २०१२ पासून वर्षातून २१० दिवस घर उपलब्ध असणे व १०५ दिवस प्रत्यक्ष भाड्याने जाणे आवश्यक होते. एप्रिल २०२५ पासून ही सवलतच रद्द झाली. स्थानिक करांसाठी वेगळी अट आहे. व्यवसाय-कराच्या यादीत बसणाऱ्या लहान मालमत्तांना मोठी सूट मिळते. अट पूर्ण न झाल्यास घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स लागतो. एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये ही अट १४० दिवस उपलब्धता व ७० दिवस प्रत्यक्ष भाडे अशी आहे, तर वेल्समध्ये २५२ व १८२.

आता आपला ९१ चा आकडा आठवावा. इंग्लंडची ७० दिवसांची अट केवळ शाळांच्या सुट्ट्यांतच पूर्ण होऊ शकते. वेल्सची १८२ दिवसांची अट म्हणजे बरोबर २६ आठवडे, सुट्ट्यांच्या दुप्पट. वरील उदाहरणातील घर २३ आठवडे, म्हणजे १६१ दिवस भाड्याने जाते. इंग्लंडमध्ये ते सहज उत्तीर्ण होते, वेल्समध्ये तीन आठवड्यांनी नापास. तेथे नापास होण्याची किंमतही मोठी आहे, कारण दुसऱ्या घरांवर कौन्सिल टॅक्सखेरीज ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा वेल्समधील परिषदांना आहे. ग्विनेथने २०२३ मध्ये तो १५० टक्के केला.

याचा परिणाम काय होईल? कमी पडणारे तीन आठवडे कसेही करून विकणे मालकाच्या हिताचे ठरते, चल खर्चापेक्षा कमी भाड्यातही. आधीच्या परिच्छेदांत सांगितलेला अल्पकालीन नियम अशा रीतीने कायद्याच्या उंबरठ्याजवळ मोडतो. हंगाम लांबवावा, ही शासनाची इच्छा त्यातून काही अंशी साधते. पण ज्या डोंगराळ गावांत फेब्रुवारीत कोणी फिरकतच नाही, तेथील मालकापुढे विक्री किंवा अधिभार एवढेच पर्याय उरतात. घरे स्थानिकांच्या हाती परत यावीत हाच मूळ हेतू आहे, असे समर्थक म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि, संपूर्ण देशाला एकच आकडा लावताना गावागावांतील हंगामाची लांबी विचारात घ्यायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हिवाळ्यापुरते भाडेकरू

वरील हिशेबात एका पक्षाचा विचार अद्याप झालेला नाही. किनाऱ्यावरील गावांत हॉटेलांत वाढणारे, घरे साफ करणारे, रुग्णालयात व शाळेत काम करणारे लोक राहतात कोठे? कॉर्नवॉलसारख्या भागात ‘विंटर लेट’ म्हणजे हिवाळ्यापुरते भाडे हा जुना रिवाज आहे. ऑक्टोबर ते ईस्टर घर स्थानिक कुटुंबाला द्यायचे आणि हंगाम येताच रिकामे करून घ्यायचे. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यात अशा, आठ महिन्यांपेक्षा जास्त नसलेल्या, कराराअखेर घर परत मिळविण्यासाठी स्वतंत्र आधार दिलेला होता.

मालकाच्या दृष्टीने हे व्यवहार्य आहे. आपल्या उदाहरणात हिवाळी पाहुण्यांकडून मिळणारे १,२५० पौंड सोडून सहा महिने दरमहा ६५० पौंडांनी भाडेकरू ठेवला, तर ३,९०० पौंड मिळतात. तोच भाडेकरू वर्षभर दरमहा ८५० पौंड देत असेल तर १०,२०० पौंड. उन्हाळ्यातील व मधल्या हंगामातील पाहुणे अधिक हिवाळी भाडेकरू यांचे मात्र १८,३०० पौंड होतात. वर्षभराच्या भाडेकरूमुळे मालकाचा काही खर्च वाचतो हे खरे, परंतु एवढे अंतर त्याने भरून निघत नाही. भाडेकरू कुटुंबाला मात्र दर वसंतात सामान हलवावे लागते. ऑगस्टमध्ये ज्या गावाला कामगारांची सर्वाधिक गरज, त्याच गावात ऑगस्टमध्ये कामगारांना घर मिळत नाही. श्रमाचा व निवाऱ्याचा हंगाम एकमेकांच्या विरुद्ध धावतो, ही या बाजारातील सर्वांत कठीण विसंगती होय.

स्थानिकांचा असंतोष मतपेटीतूनही व्यक्त झाला आहे. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथे २०१६ मध्ये, नवी घरे केवळ कायम रहिवाशांसाठीच असावीत या तरतुदीसह गावाच्या आराखड्याला ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी पाठिंबा दिला व ती तरतूद न्यायालयातही टिकली. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी येथे २०२२ मधील मतचाचणीत अशाच मागणीला ९० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, मात्र तिचे स्वरूप सल्ल्यापुरते होते. सेंट आइव्हजची अट नव्या घरांपुरती असल्याने जुन्या घरांची मागणी वाढण्याचा मार्ग उघडाच राहतो, हे पुरवठा-मागणीच्या प्राथमिक आकृतीवरूनही दिसेल. लंडनमध्ये वेगळा उपाय आहे. तेथे नियोजन परवानगीशिवाय संपूर्ण घर वर्षात ९० रात्रींपेक्षा अधिक काळ पर्यटकांना देता येत नाही. स्कॉटलंडने परवाना-पद्धती आणली व जुन्या व्यावसायिकांना १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्ज करावयास लावले.

वेल्सच्या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम येथे लक्षात येतो. हिवाळ्यातील २६ आठवडे स्थानिक कुटुंबास दिल्यास पाहुण्यांसाठी जास्तीत जास्त २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस उरतात. २५२ दिवसांच्या उपलब्धतेची अट मग पूर्ण होऊच शकत नाही. इंग्लंडमध्ये १४० दिवसांची अट असल्याने तसे होत नाही. मात्र तेथे २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने १ मे २०२६ पासून खासगी भाड्याच्या घरांतील ठरावीक मुदतीचे करार व विनाकारण घर रिकामे करून घेण्याचा मालकाचा अधिकार संपविला. हिवाळ्यापुरता करार हा मूलतः ठरावीक मुदतीचाच करार असल्यामुळे आता कॉर्नवॉलमधील मालकापुढे तीन मार्ग आहेत: वर्षभराचा भाडेकरू ठेवणे, ४५० पौंडांच्या हिवाळी पाहुण्यांवर भागविणे, किंवा ऑक्टोबर ते ईस्टर घराला कुलूप लावणे.